ओळ संपेपर्यंत

कोनमापकाचा एक दांडा मांडीवर आणि दुसरा पोटरीवर ठेवून तिने आकडा वाचला, मग साधन उचलून पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदाही एकशे सव्वीस अंशच आले. ऑपरेशन झालेला गुडघा इतका वाकणं म्हणजे फारच उत्तम.

“मोजून झालं असेल तर पाय परत दे गं माझा,” टाळीमावशी म्हणाल्या.

त्या चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, हाताचे तळवे मात्र सुतारासारखे रुंद. टेकडीवरच्या या वस्तीत संध्याकाळी बायका देवाची पदं म्हणायला जमत आणि पहिली टाळी मावशींची पडे, म्हणून हे नाव. इस्पितळातून व्यायाम शिकवायला येणाऱ्या तिलाही इथे कोणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. ती गुडघेबाई.

खरं तर आज ती गुडघे बघायला आलीच नव्हती. पिशवीत छापील पत्रं होती. ऑपरेशननंतर घरी येऊन व्यायाम शिकवायची योजना बंद होणार, तसं प्रत्येकाला लेखी कळवून सही घ्यावी, असा नैतिकता समितीचा नियम होता. गुरुवारी समिती बसणार होती. कोनमापक तिने केवळ सवयीने काढलं होतं.

आणि आता तिला ते पिशवीत परत ठेवता येईना. दोन वर्षांपूर्वीच्या तिच्या अभ्यासात मावशी सत्ताविसाव्या क्रमांकावर होत्या. त्यांच्या नावापुढचा शेरा तिला पाठ होता. घरी केलेला व्यायाम: शून्य.

“मावशी, खरं सांगा. तेव्हा तुम्ही व्यायाम करत होतात?”

“मग काय, ऑपरेशनचा पाय फडताळात ठेवला होता?”

“व्यायामाच्या वहीत काही दिसलं नाही.”

“दिसलं नाही? अगं, रोज लिहीत होते. अक्षर वाईट असेल माझं, पण खोटं नाही.”

मावशींनी टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली सरकवली. टाच ताणली. मांडीचा स्नायू दोरखंडासारखा वर आला आणि त्याच क्षणी टाळी पडली.

“ऊठ पाया, चाल पाया, देव दारी उभा…”

ओळ संपली तसा स्नायू सैल झाला. मावशींनी श्वास घेतला आणि पुन्हा टाच ताणली, पुन्हा तीच ओळ. तिने पिशवीतून स्टॉपवॉच काढलं. दहा सेकंद. अकरा. अकरा. दहा.

“दहा आकडे मोजायला सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगितलं होतंस. पण आकडे मोजत बसलं की दुखणंच मोजल्यासारखं होतं बघ. सातावर जीव जातो. म्हटलं, त्यापेक्षा देवाचं नाव घ्यावं. हे पद माझंच आहे, चार कडव्यांचं. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. वहीत लिहायचो आम्ही, आज ध्रुपद, आज दोन कडवी, आज अख्खं पद.”

तिने सहीसाठी काढलेलं पत्र घडी करून परत पिशवीत टाकलं.

“सही नको का?” मावशींनी विचारलं.

“आज नको.”

*

विभागातलं वह्यांचं कपाट आकडेकाकांच्या टेबलामागे होतं. काका पंचवीस वर्षं अभ्यासांचे आकडे संगणकात भरत आले होते. ‘टेकडी’ असं लिहिलेलं खोकं त्यांनी खाली काढलं आणि रुमालाने पुसून तिच्यापुढे ठेवलं.

तिने सत्ताविसावी वही उघडली. नव्वद दिवसांच्या नव्वद चौकटी. पेन्सिलने, कधी निळ्या शाईने, एकदा तर बहुधा काजळाने, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ध्रुपद. ध्रुपद आणि दोन कडवी. अख्खं पद, सकाळ-संध्याकाळ. मध्येच एका चौकटीत: ‘आज घसा बसला. पाय केला नाही.’ पुढे: ‘सून बाळंत. दोन दिवस नाही.’

“काका, हे सगळं तुम्ही शून्य धरलंत?”

काकांनी खोक्याच्या तळातून एक कागद काढला. वह्या भरून घेण्याचे नियम. चौथा नियम असा होता: चौकटीत आकडा नसल्यास शून्य धरावे. खाली सही. सही तिची होती.

“मी विचारलं होतं तुम्हाला, मॅडम. गाणी लिहिलीत बायकांनी, काय करू? तुम्ही घाईत होता. जिन्यातूनच म्हणालात, चौथा नियम बघा.”

“आठवत नाही मला.”

“मला आठवतंय. कारण वाईट वाटलं होतं.” काका जरा घुटमळले. “तीन महिने तेच वाचत होतो. आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं ते पद. चाल मात्र आम्ही आमची लावली.”

ती हसली नाही. एकोणीस वह्या तशाच होत्या. एकोणीस बायकांचा व्यायाम शून्य, तरी गुडघे उत्तम. त्यावरच तर तिचं नाव झालं होतं. न केलेल्या व्यायामाने बरे झालेले गुडघे! केवढं नवल! वस्तीतल्या रुग्णांना घरच्या व्यायामाची शिस्त नसते, आणि त्यावाचून फारसं अडतही नाही. तेव्हा घरभेटींचा खर्च व्यर्थ, असा निष्कर्ष तिने काढला होता. तीन परिषदांत ती ते बोलली होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

“खालच्यांच्या वह्याही काढा,” ती म्हणाली.

खालच्या बाजूच्या, इस्पितळाजवळ राहणाऱ्यांच्या वह्या देखण्या होत्या. दहा, दहा, दहा. एकही चौकट रिकामी नाही. यांचे गुडघे मात्र नव्वदीच्या पुढे फारसे वाकले नव्हते. तिने एक वही खिडकीशी नेली, मग दुसरी, मग सहावी. त्यानंतर ती कितीतरी वेळ बाहेरच्या काउंटरकडे बघत उभी राहिली.

*

विभागप्रमुखांना सगळे सर म्हणत. तिला तर त्यांनीच घडवलं होतं. कोनमापक कसं धरायचं इथपासून निबंधाच्या पहिल्या वाक्यात काय लिहायचं इथपर्यंत. सोमवारी तिची प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि तिचं नाव सरांनीच सुचवलं होतं.

बुधवारी दुपारी त्यांनी तिचं टिपण वाचून बाजूला ठेवलं.

“बस ना.”

“उभीच बरी आहे, सर.”

“चूक झाली, मान्य. मुलाखत होऊ दे. मग पुढच्या निबंधात एक तळटीप टाकू. हाय काय अन् नाय काय!”

“तोवर घरभेटी बंद झालेल्या असतील.”

“त्या आज ना उद्या होणारच आहेत. त्या जागी यंत्रांची खोली येते आहे, तीही तुझ्याच हाताखाली.” सर पुढे झुकले. “अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस तू.”

“पाय हाच तर आपला विषय आहे, सर.”

त्यांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. “मला एवढंच सांग. गाण्याच्या ओळीला माप काय? आज अकरा सेकंद, उद्या सात. समितीपुढे काय टाळ कुटणार आहेस?”

“दोन दिवसांत बारा बायकांची वेळ मोजली. नऊच्या खाली कोणी नाही, तेराच्या वर कोणी नाही. सात बायका अजून राहिल्यात. भेटलेल्यांपैकी तिघी म्हणाल्या, आम्ही नुसतंच लिहीत होतो, करत नव्हतो. तेही मी लिहिलंय. आणि दहा म्हणजे किती, सर? खालच्या वह्यांतला एक तरी दहा आपण घड्याळ लावून बघितला होता?”

सर टिपणाची पानं सारखी करू लागले.

“आपण त्या बायकांना आळशी म्हटलं,” ती म्हणाली. “छापून.”

“आपण? छापलंस तू.”

“हो. म्हणून तर मीच सांगणार.”

“गुरुवारी तू हे बोललीस, तर सोमवारी मी तुझ्यासाठी काही बोलू शकणार नाही. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही.”

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. सरांना क्षणभर बरं वाटलं असावं. पण तिने फक्त टेबलावरचं आपलं टिपण उचललं.

*

समितीत पाच जण होते. अध्यक्ष वकीलबाई. त्यांच्या उजव्या हाताला सर. ती आत आली तेव्हा तिच्या काखेत एक चौकट होती, विभागाच्या दाराशी लावलेली. काचेमागे उघडी ठेवलेली एक व्यायामवही आणि वर ठळक अक्षरं: ‘वही अशी भरावी’. चार वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून गेला होता.

मावशींची वही तिने आधी फिरवली. मग नियमांचा कागद. चौथा नियम तिने स्वतः वाचला आणि खालची सही कोणाची तेही सांगितलं.

“एक शंका,” सर म्हणाले. आवाज शांत होता. “बायकांनी लिहिलंय, गाणं म्हटलं. खरंच म्हटलं कशावरून? हवं ते लिहायला काय जातं?”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “म्हणून घसा बसल्याचं पान बघा. ज्याला खोटं लिहायचंय तो घसा बसू देत नाही.”

मग तिने चौकटीची पाठ उघडून नमुन्याची वही बाहेर काढली, वकीलबाईंपुढे ठेवली आणि शेजारी एक पेन ठेवलं. पेनाच्या टोकाला हातभर सुतळी लोंबत होती.

“हे काय?”

“काउंटरचं पेन. पळवू नये म्हणून बांधलेलं असतं. सकाळी कापून आणलं. काउंटरवाल्या ताई मागे लागल्यात, परत द्यायचंय.”

वकीलबाईंनी त्या पेनाने समोरच्या कोऱ्या कागदावर एक रेघ ओढली. जांभळी उमटली. त्यांनी नमुन्याच्या वहीचं पहिलं पान बघितलं, मधलं बघितलं, शेवटचं बघितलं. नव्वद दिवस, सगळे दहा जांभळे. एका बैठकीत भरलेले, शेवटी शेवटी कंटाळून तिरके झालेले.

“अशा किती आहेत?”

“खालच्या चाळीस वह्यांपैकी एकतीस.”

“म्हणजे रुग्णांनी फसवलं?”

“नाही. भरलेली वही दाखवल्याशिवाय काउंटरवरून आत सोडायचं नाही, असा नियम होता. दुखरे पाय घेऊन माणसं बाकावर बसायची आणि आत येण्यासाठी दहा लिहायची.” तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. “तो नियमही माझाच. निबंध मागे घेत असल्याचं पत्र मी सकाळीच नियतकालिकाला पाठवलंय. तुमच्याकडे परवानगी मागायला आले नाही. घरभेटी बंद करू नका, एवढंच मागायला आले आहे.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि घातलाच नाही. नमुन्याची ती वही चार वर्षांपूर्वी त्यांनीच निवडली होती. दाराशी खिळाही त्यांनीच ठोकला होता.

*

पुढच्या मंगळवारी ती टेकडी चढून गेली. घरभेटींना सहा महिने मुदतवाढ मिळाली होती. मुलाखत झाली नव्हती. ‘तूर्त स्थगित’ असं दोन शब्दांचं पत्र आलं होतं. खाली सही सरांची.

मावशी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिने निबंधातलं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, शिस्तीबद्दलचं, आणि म्हणाली, “हे मी लिहिलं होतं तुमच्याबद्दल. आता मागे घेतलं.”

मावशींनी सूप खाली ठेवलं. “आमची शिस्त?”

“हो.”

“बाई बाई बाई.” त्या कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. “तोंडावर सांगायला आलीस म्हणून सोडते. लिहून पाठवलं असतंस ना, तर टेकडी चढू दिली नसती तुला.” मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “आणि तुझं काय गेलं यात?”

“खुर्ची.”

“बरंच झालं. खुर्चीत बसून गुडघे आखडतात, तूच सांगत होतीस. बस खाली.”

तिने पिशवीतून नवी वही काढून दिली. पानांवर तारखा होत्या, चौकटी नव्हत्या. मावशींनी ती उलटसुलट बघितली, सुपाखाली ठेवली आणि टॉवेलची गुंडाळी तिच्याकडे सरकवली.

“घे. नुसतं शिकवतेस, करतेस कधी?”

ती चटईवर बसली. गुडघा कडकन वाजला. मावशींनी तो ऐकला आणि आकाशाकडे बघून हात जोडले. तिने टाच ताणली. हात नेमका स्टॉपवॉचकडे गेला, तर मावशींनी पिशवीच पलीकडे लोटली.

“ओळ संपेपर्यंत पाय सोडायचा नाही.”

टाळी पडली. ऊठ पाया, चाल पाया… शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, मग तिच्यामागे आणखी एक. सुराला सूर लागला. मांडीत कळ भरत चालली. ओळ उतरणीला लागली तसा तिने पाय सैल करायला घेतला.

मावशींनी डोळे न उघडता दुसरी टाळी दिली आणि तीच ओळ पुन्हा वरून उचलली. तिने दात आवळले आणि टाच तशीच ताणून धरली.