पांढऱ्या वाळ्यांची पाहुणी

मित्रांनो, मी बडनेऱ्याजवळच्या मळ्यातली एक जुनी दगडी डोणी आहे. पाथरवटानं मला काळ्या खडकातून कोरली आणि मनकर्णाबाईच्या दारात आणून टाकली. गुरं माझ्यात पाणी पीत, भाजीच्या जुड्या माझ्यात धुतल्या जात. मनकर्णाबाई साऱ्या गावाला सांगायची, "माह्या दारची डोनी तीस वरसात कोरडी पडली नाई." मलाही तोरा होता. पाणी उतरलं की ती वरून दोन घागरी ओतायची, पण रिकामी कधी करायची नाही. अपशकुन म्हणे.

मग तिच्या मुलानं, देवीदासनं, बाजारातून लोखंडी पिंप आणलं. ते मुंबईहून आगगाडीनं आलेलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं, ते त्यानं माझ्यात ओतलं. त्यात बारीक वळवळ होती. मला वाटलं, लेकरंच आहेत, राहू द्या.

आठ दिवसांत लेकरांना पंख फुटले. आमचे जुने डास अंधारात गुणगुणत येत. ही नवी पाहुणी भर उजेडात यायची, गुपचूप घोट्याला चावायची. पायांत पांढरे वाळे घातल्यासारखे पट्टे. दिसायला नटवी, करणी वाईट. बडनेऱ्यात तेव्हा हाडं मोडणारा ताप होता. ही ताप आलेल्याला चावायची, मग धडधाकटाला.

घरची सून शकुन अंथरुणाला खिळली. मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली, "वांगे तोडाच्या दिवसीच कावून दुखते वं तुले?" तिसऱ्या दिवशी शकुनच्या हिरड्यांतून रक्त आलं. बाई आत धावली. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

दवाखान्यातले कंपाउंडर वामनराव आले, माझ्यात वाकले. "मनकर्णाबाई, दुखनं इथीच पिकून राहिलं. डोनी रिकामी करा."

"म्या कधी केली नाई."

"आता करा. नाई तं उद्या देवीदास पडीन."

बाईनं शकुनकडे पाहिलं आणि माझ्या बुडाचा बोळा उपसला. दोन दिवस मी उन्हात कोरडी पडून होते. फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मला भरली, आणि थोड्याच दिवसांत तीच वळवळ पुन्हा.

"वामनराव, तुमच्या नादानं माह्यं पुण्य गेलं, अन् किडे तसेच."

वामनरावांनी माझ्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटावर तिळाहून बारीक काळे ठिपके. "पानी सांडलं माय, अंडे कुठी सांडले? ते दगडाले चिकटून रायतात. उन्हानं मरत नाई. घासा लागते. अन् ते पिंप बी."

मनकर्णाबाईनं पदर खोचला. विटेच्या तुकड्यानं मला अशी घासली की तीस वर्षांचं शेवाळ निघालं. झोंबलं खूप, पण अंग हलकं झालं. मग पिंपही तसंच घासलं, आणि वळवळ थांबली.

शकुन वाचली. सांधे आखडलेलेच होते, तरी पुढच्या शुक्रवारी, आठवड्याच्या घासणीला, वीट घेऊन ती माझ्यापाशी आली. सासूनं वीट हिसकावली. "बस तिकडं. मोठी आली काम करनारी. तू फक्त दाखव, कुठी रायलं."

"तिकडल्या कोपऱ्यात, माय," शकुन म्हणाली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी.

मित्रांनो, तुमच्या घरी रांजण असेल, पिंप असेल, कोंबड्यांचं फुटकं मडकं असेल. आठवड्यातून एक दिवस ते रिकामं करा, आतून घासा आणि बोट फिरवून पाहा. आम्ही मुकी भांडी. आमच्या पोटात काय वाढतंय, ते आम्हाला ओरडून सांगता येत नाही.