धून कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री. माझ्या पात्यावर तपकिरी डाग दिसला, तर गंज समजून तो घासू नका. ते माणसाचं रक्त आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. घणाचे घाव सोसले, दगडावर अंग सोलून घेतलं आणि एका स्टुडिओत दाखल झाले. तिथे गाणी फितीवर उतरायची. फितींची कापणी-जोडणी करणारे दादा नको असलेला भाग माझ्याकडून कापून घ्यायचे आणि उरलेली टोकं चिकटवायचे. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच व्हायोलिन वाजवायचा.

कारखाने धडाक्यात चालत होते, तोवर गाण्याआधीची धून ऐसपैस असे. गायिका तोंड उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. कोणालाच घाई नव्हती. मी मात्र रिकामी बसून चिडचिडी झाले होते.

मग मंदी आली. जाहिरातींचे भाव कोसळले, म्हणून रेडिओवाले पोटासाठी दुप्पट जाहिराती कोंबू लागले. गाण्यांना जागा उरेना. गायिका लगेच सुरू झाली पाहिजे, असं स्टुडिओच्या मालकांनी फर्मान काढलं. मग काय, मी सुटलेच! बासरी, पियानो, ढोल, जे समोर येईल त्याचं मुंडकं उडवलं. जमिनीवर फितींचा खच पडे आणि लोक तो बुटांनी तुडवत जात.

एक दिवस धाकट्याची धून आली. इतकं गोड त्याने कधीच वाजवलं नव्हतं. दादांनी ती पुन्हा लावून ऐकली, डोळे पुसले आणि मला चालवलं. भावाला वाईट वाटेल म्हणून त्याला सांगितलं मात्र नाही.

पुढचं मला धाकट्याच्या आरडाओरड्यातून कळलं. गाण्याच्या सुरुवातीला आपलंच व्हायोलिन आहे, असं त्याने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. गाणं लागायच्या वेळी रेडिओभोवती सासुरवाडी, शेजारीपाजारी सगळे जमले. आणि थेट गायिकाच सुरू झाली. जावईबापू इतकं हळू वाजवतात की ऐकूच येत नाही, असं सासरे म्हणाले. सगळे हसले.

तो तसाच धावत स्टुडिओत आला होता. त्याने मला उचललं आणि दादांच्या टेबलावरच्या हातात खुपसलं. हाडाला लागून मी थांबले. रक्त पाहून तोच हादरला. त्याने मला उपसलं आणि स्वतःचा शर्ट फाडून दादांचा हात बांधला.

"मला का नाही सांगितलंस, दादा?" तो रडत म्हणाला. "मीच आखूड वाजवलं असतं."

दादांची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. धाकट्याने व्हायोलिनला पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, वाईट दिवस आले की कापाकापी होणारच. कधीतरी तुमच्याही हातात कात्री येईल. ज्याचं कापायचं आहे, त्याला आधी समोर बसवून सांगा. मगच पाती उघडा.