मिथ्रिदातेसची रोमन फौज

आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर मेधाला उलट उत्तर देणारं फारसं कुणी नव्हतं, आणि नागपूरच्या घरी तर मुळीच नव्हतं. त्यामुळे २०२१च्या एप्रिलात तिचे बाबा, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक उपेंद्रराव, कोविडनं आडवे झाले, तेव्हा तिनं तिकडे बसूनच घराच्या मागच्या खोलीत अख्खा वॉर्ड उभा केला. धाकट्या भावाला, प्रसन्नला, गाऊन चढवला. ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणवलं. पलंगाच्या पायथ्याशी चार्ट लटकला आणि सकाळ-संध्याकाळ फोनवर राउंड सुरू झाली, थेट नावनसारखी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्या निमूट चालत होत्या, म्हणून हाकणारीलाही जोर चढला.

बाबांना गंमत वाटली. रोमन सैन्याची नक्कल करणाऱ्या राजांमागे त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मेधा, तू तर मिथ्रिदातेसची फौज उभी करून राहिली," ते म्हणाले. हा काळ्या समुद्राकाठचा राजा. रोमनांकडून मार खाल्ल्यावर त्यानं सोन्यानं मढवलेली शस्त्रं टाकून दिली, आखूड तलवारी नि जड ढाली घडवल्या, शिपायांना रोमन शिस्तीत उभं केलं. लांबून बघणाऱ्याला रोमनच वाटावेत. पुढे काय झालं ते बाबा सांगणार होते, पण मेधानं दम भरला: बोललं की धाप लागते, पालथे झोपा. जन्मभर वर्ग गाजवलेला माणूस मुकाट्यानं पालथा झाला.

एका सकाळी नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलातून प्रसन्नला फोन आला. एक खाट रिकामी झाली होती, तासाभरात घेऊन या. प्रसन्ननं ताईला विचारलं. तशा हॉस्पिटलांबाहेर रिक्षांत पडून असलेले पेशंट तिनं बातम्यांत पाहिले होते. तिथे बाबांकडे कोण बघणार? "नको नेऊस," ती म्हणाली. "तिथे आहे ते सगळं आपल्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी बाबांचा ऑक्सिजन घसरायला लागला. यंत्र शेवटच्या टोकाला नेलं; त्यापुढे त्यात काही नव्हतंच. आता कुठेच खाट नव्हती. मेधा नावनला ड्युटीवर होती, वॉर्डामागच्या छोट्या खोलीतून सूचना देत होती. एवढ्यात नर्सनं हाक मारली. एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन बाबांसारखाच उतरला होता. मेधानं भिंतीवरची ऑक्सिजनची कळ फिरवली, आणि तो हवा तेवढा आला. आयसीयूला फोन केला, त्यांनी पाठवा म्हणून सांगितलं. म्हातारा मास्कमधून 'ग्रँड, डॉक्टर' म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास'. शेजारच्या दोन खाटा स्वच्छ चादरी घालून रिकाम्या होत्या. तिला त्या बघवेनात.

ती पुन्हा फोनपाशी आली. प्रसन्नचे डोळे तारवटले होते. त्याला सुट्टी द्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं. बाबांनी मास्क बाजूला केला. ती नको म्हणत राहिली, पण त्यांनी ऐकलं नाही.

"मिथ्रिदातेसचे शिपाई वाईट नव्हते, बेटा," ते श्वास गोळा करत म्हणाले. "रोमनांची पुढची फळी थकली की मागची पुढे यायची. ह्यांच्या मागे... कोणीच नव्हतं." मग म्हणाले, "प्रसन्ननं खाट नाकारली, म्हणून त्याला बोलू नको. घाबरला असेल पोरगा."

प्रसन्ननं मान खाली घातली. बाबांना सांगताना त्यानं ताईचं नाव घेतलंच नव्हतं.

"बाबा, मी नको म्हणाले होते," मेधा म्हणाली. "त्यानं नाही. मी."

प्रसन्ननं त्यांना मास्क लावला, पालथं केलं, पाठीवर हात ठेवला. ताईचं बोलणं त्यांना ऐकू गेलं का, हे त्यालाही कळलं नाही. मग त्यानं वर पाहिलं, आणि इतके दिवस विचारत होता तसंच, पूर्ण विश्वासानं विचारलं, "ताई, आता काय करू?"