भागीरथीबाईंचा नववा अध्याय

आमच्या मंडळात कादंबरी वाचत नाहीत, पाठ म्हणतात. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी मंडळ सुरू झालं, तेव्हा म्हैसूरच्या सगळ्या मराठी घरांत मिळून शरदचंद्र हुलसूरकरांच्या त्या मोठ्या कादंबरीची एकच प्रत होती. पुण्याला पत्रं पाठवून झाली, दुसरी काही आली नाही. मग ज्याला जो अध्याय आवडला तो त्याने वहीत उतरवून घेतला आणि पाठ केला. हुलसूरकरांच्या जन्मदिवसाच्या जवळच्या रविवारी बारा जणांनी उभं राहून बारा अध्यायांतला एकेक भाग म्हणून दाखवला. आता ती कादंबरी फोनवरसुद्धा मिळते. पद्धत मात्र तीच राहिली.

माझ्याकडे अध्याय कधीच नव्हता. माझ्याकडे ती पहिली प्रत आणि एक पेन्सिल. म्हणणाऱ्याचा शब्द चुकला, वाक्य गळलं, तर मी टेबलावर टक् करायची. तो सुधारून पुढे जायचा. तीन टक् झाल्या की खाली बसायचं, आणि पुढच्या वर्षापासून अध्याय दुसऱ्याचा. इतक्या वर्षांत असं दोनदाच झालं. त्यातले एक माझे यजमान, रघूत्तम. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मीठसुद्धा बोट दाखवून मागत होते. वेदवती टक् करताना नातं बघत नाही, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला आवडायचं.

नववा अध्याय भागीरथीबाईंचा, पहिल्या वर्षापासून. तोंडावर मी तिला भागीच म्हणते, कारण आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तिचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते आणि ती अजून तशीच ताठ बसते. तिचे यजमान संताजीराव जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून नजरबादच्या घरात ती एकटी. मुलगी कृष्णवेणी बेंगळूरला बँकेत मोठ्या जागेवर आहे, ती दर महिन्याला येऊन आईला चल म्हणते, आणि आई दर महिन्याला तिला मल्लिगेचा गजरा देऊन परत पाठवते.

या उन्हाळ्यापासून मात्र भागीचं काहीतरी बिनसलं होतं. गॅसवर दूध ठेवून ती झोपली, धूर शेजारच्यांनी पाहिला. नंतर एक दिवस मार्केटमधून घरी यायला निघालेली ही बाई वरुणा गावाच्या बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यावरही उतरेना. कंडक्टरने तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरून कृष्णवेणीला फोन केला. कृष्णवेणी त्याच दिवशी आली आणि माय-लेकींचं मोठं भांडण झालं. मी तिथेच होते.

शेवटी भागीच म्हणाली की माझं डोकं फिरलंय असं तुला वाटतं ना, तर जन्मदिवसाला ये आणि माझा अध्याय ऐक. वेदाच्या तीन टक् पडल्या तर मी बॅग भरते. नाही पडल्या तर पुन्हा बेंगळूरचं नाव काढायचं नाही. कृष्णवेणीने शब्द दिला. दोघींनीही मला विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी रोज तिच्याकडे जाऊन तयारी करून घेतली. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकही चूक नाही. गुरुवारी तिने मला दोनदा कॉफी दिली. दुसऱ्यांदा देताना पहिलीचा तिला पत्ताच नव्हता, आणि मी निमूट प्यायले. ती बेंगळूरला गेली तर मी भागी म्हणून हाक मारावी असं या गावात कुणी उरणार नाही, हेच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी कृष्णवेणी माझ्या दारात उभी राहिली. आत येत नव्हती.

“मौशी, मला पुस्तकातलं मराठी तेवढं येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. उद्या अम्मा काय म्हणते ते मला कळणार नाही. मी तुमच्या हाताकडेच बघणार,” ती म्हणाली.

मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला सभागृहात चाळीसेक माणसं होती. अध्यक्ष नरसिंहमूर्तींनी नेहमीचं भाषण केलं, नेहमीपेक्षा लांबवलं. मागच्या ओळीत हेब्बाळच्या कंपन्यांतली चार-पाच नवी मंडळी होती, त्यांत साताऱ्याचा साकेत. हा म्हणणाऱ्याबरोबर फोनवर ओळीओळीने पुस्तक लावून बसतो. पहिले आठ अध्याय कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी दोनदा टक् केलं, तेही सवयीने.

भागी उठली. मोरपंखी साडी, केसांत फूल. नवव्या अध्यायात अंबिका सासर कायमचं सोडून निघते. निघण्याआधी घराच्या चार खोल्यांत एकेक करून जाते, जिथल्या वस्तू तिथे आहेत ना पाहते, दार ओढून घेते, आणि मग नदीकडे उतरते. भागी ते असं म्हणते की ऐकणाऱ्यांचे हात आपोआप कडी लावल्यासारखे हलतात.

पहिली खोली स्वयंपाकघर. तिथे कळशी आहे, भागी घागर म्हणाली. टक्. “कळशी,” तिने लगेच सुधारलं आणि मला डोळ्यांनीच दटावलं. लोक हसले. दुसरी खोली निर्वेध गेली. मी पुस्तकात बोट ठेवून होते, पण बघत होते तिच्या गळ्याकडे. तिथली शीर उडत होती.

तिसऱ्या खोलीत, धान्याच्या कोठीपाशी, ती क्षणभर थांबली. “आमेले,” असं म्हणाली आणि पुढे सुरू झाली. आमेले म्हणजे मग. त्यापुढचं वाक्य कन्नडमध्ये होतं, त्यापुढचंही. अर्थ एका केसाने इकडचा तिकडे नव्हता. कणगी, सूप, कोपऱ्यातला दिवा, सगळं जागच्या जागी. आमच्या घरांतून असंच बोलतात, जेवायला मराठीत बसतात आणि कन्नडमध्ये उठतात, म्हणून जुन्या लोकांपैकी निम्म्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. साकेतने मात्र फोनवरून मान वर केली. नरसिंहमूर्ती माझ्याकडे बघायला लागले. कृष्णवेणीचा चेहरा एकदम खुलला होता, कारण आता तिला सगळं कळत होतं.

पुस्तकात ते शब्द नव्हते. तीन वाक्यं मी जाऊ दिली. चौथ्याला टक् केलं.

“काय चुकलं?” भागीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

“आजी, कन्नडमध्ये म्हणताय,” साकेत हळूच म्हणाला.

ती गोंधळली, पण पळभरच. “हुलसूरकर म्हैसूरला राहिले असते तर त्यांनीपण असंच लिहिलं असतं की,” ती म्हणाली, आणि सभागृह इतकं हसलं की नरसिंहमूर्तींना हात वर करावा लागला. मी हसले नाही. दोन झाल्या होत्या.

तिने कोठीचं दार पुन्हा मराठीत ओढलं. चौथी खोली, अंबिकेची स्वतःची. इथे भागीचा आवाज खाली येतो, नेहमी येतो. पलंग, आरसा, खुंटीवरचं पातळ. अंबिका बाहेर आली, दार ओढलं, कडी घातली. आता एक वाक्य आणि नदीची उतरण.

भागी म्हणाली, “अंबिका स्वयंपाकघरात गेली.”

मी पुस्तकातलं बोट हलवलं नाही. तिने कळशी म्हटलं, घागर नाही. चूल, फळी, मिसळणाचा डबा. शब्द न् शब्द छापल्यासारखा. दार ओढलं. दुसऱ्या खोलीत गेली. माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी मनाशी वकिली करत होते. शब्द चुकला का? नाही. वाक्य गळलं का? नाही. मग टक् कशाची? पुन्हा म्हणू नये असा नियम आम्ही केलाच नव्हता, कारण असं कुणी करील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघींनी खाली बघितलं. साकेतने फोन बंद करून खिशात ठेवला. कृष्णवेणी माझ्या हाताकडे बघत होती.

तिसरी खोली. या वेळी कोठी सगळी मराठीत, स्वच्छ. चौथी. पलंग, आरसा, पातळ. भागीच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आपलं छान चाललंय असं. मला भीती वाटली ती त्याचीच. तिने दार ओढलं, कडी घातली, आणि तिचे ओठ पुन्हा स्वयंपाकघराकडे वळताना मी पाहिले.

“आणि मागे न बघता अंबिका उतरणीला लागली,” मी मोठ्याने म्हणाले.

“आणि मागे न बघता अंबिका उतरणीला लागली,” भागीने माझ्यामागून म्हटलं, आणि मग नदी आली, नाव आली, पलीकडचा काठ आला. अध्याय संपला. टाळ्या वाजल्या. जुन्या लोकांनी जास्त जोरात वाजवल्या. टक् दोनच पडल्या होत्या. भागी जिंकली होती.

उरलेले तीन अध्याय झाले आणि उप्पिट्टू, केसरीभात आणि कॉफी आली. भागी खुर्चीवर ताठ बसून सगळ्यांचं कौतुक घेत होती. कृष्णवेणी बशी न घेताच माझ्याकडे आली.

“दोनच झाल्या, मौशी. मी शब्द दिलाय, पाळते. फक्त एक सांगा,” ती म्हणाली. “ते चार खोल्यांचं, पुस्तकात दोनदा आहे का?”

आजूबाजूचं बोलणं थांबलं. नरसिंहमूर्ती, साकेत, जुन्या सगळ्या बाया, प्रत्येकाला उत्तर माहीत होतं आणि प्रत्येकाने ते माझ्यावर सोडलं होतं. होय म्हटलं असतं तर कृष्णवेणीने विश्वास ठेवला असता. भागी घरी राहिली असती. मला शेजारच्यांनी पाहिलेला तो धूर दिसला. मी तो प्रत्यक्ष पाहिला नव्हता, तरी दिसला.

“नाही, एकदाच आहे. तिसरी टक् व्हायला हवी होती. मी केली नाही,” मी म्हणाले.

भागीने कप खाली ठेवला. “मी दोनदा म्हटलं?”

ती फक्त माझ्याकडे बघत होती.

“होय.”

“तू टक् का केली नाहीस?”

“तू जाशील म्हणून.”

“रघूत्तमला सोडलं नाहीस. आणि मला सोडलंस,” ती सावकाश म्हणाली. “इतक्या लोकांत मी वेड्यासारखी घरभर फिरत होते, आणि तू बघत बसलीस.”

तिचं खरं होतं. मी तिला वाचवायला गप्प बसले नव्हते, स्वतःला वाचवायला बसले होते.

कृष्णवेणी तिच्या पायाशी बसून कन्नडमध्ये काहीतरी समजावू लागली, की अम्मा, घाई नको, आपण नंतर बोलू. भागीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठली. माइक अजून चालू होता. नरसिंहमूर्ती पुढे झाले, राहू दे हो म्हणाले, पण तिने त्यांना बाजूला केलं.

“माझ्या तीन झाल्या. नववा अध्याय मोकळा आहे. बुधवारी मी बेंगळूरला जाते. त्याच्या आत जो येईल त्याला शिकवीन. ज्याला हवा त्याने हात वर करावा,” ती म्हणाली.

कुणाचाच हात वर गेला नाही. तो अध्याय तिच्यासमोर मागण्याची कुणाची हिंमत नव्हती. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. हात वर केला.

ती नाही म्हणेल असंच मला वाटलं.

“वेदवती म्हणेल,” ती माइकवर म्हणाली. “पण टक् करायला पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघा. हिचा आता भरवसा नाही.”

लोक हसले. त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. भागी हसली नाही, मीही नाही. खाली उतरून ती माझ्याजवळ आली, सोमवारी नऊला ये, उशीर करू नकोस म्हणाली, आणि कृष्णवेणीला आपल्या चपला शोधायला लावल्या.