अकरा पाकळ्यांचं छत

आर्याच्या खोलीच्या दारामागे एका फळीवर छत्र्यांच्या पाच मुठी ठोकलेल्या आहेत. वेताच्या, वाकड्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. एकीला तिचं दप्तर असतं, एकीला रेनकोट, एकीला नाचाच्या क्लासची ओढणी. पडदा लावलाय तो दोन छत्र्यांच्या जोडलेल्या दांड्यांवर. दिव्यावरचा टोप म्हणजे लहान मुलाची लाल छत्री, उघडून उलटी टांगलेली. पुस्तकं आंब्याच्या पेट्यांत आहेत, पण त्या पेट्या पॉलिशपेपरने इतक्या घासल्यात की हात फिरवला तर एक कुसळ लागणार नाही. तळमजल्यावरच्या इनेझ आंटी पहिल्यांदा वर आल्या तेव्हा त्या मुठींपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माणिकपूरला मिळतात काय गो ह्या?"

मिळत नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मुंबईत छत्र्यांच्या एका पेढीत अठ्ठावीस वर्षं कारागीर होते. पेढीत मोडकळीला आलेलं सगळं ते घरी आणायचे आणि घरी आलेलं काही मोडीत निघायचं नाही.

माणिकपूरला फ्लॅट घेतला तेव्हा खोल्या दोन झाल्या, पण त्यांत ठेवायला काही घ्यावं एवढे पैसे उरले नव्हते. आप्पा म्हणाले, "आर्याची खोली माझ्याकडे दे." २००८च्या दिवाळीपासून ते दर रविवारी तुळिंजहून पिशवी घेऊन यायचे. मुठी झाल्या, पडदा झाला, दिवा झाला. शेवटचं काम होतं पलंगावरचं छत. माझ्या लहानपणी माझ्या पलंगावर होतं तसं. ते होण्याआधी, फेब्रुवारीत, आप्पा गेले.

पाच वर्षांच्या मुलीला मरणाचं जेवढं समजतं तेवढं आर्याला समजलं. पण छत राहिलंय हे तिला नीट समजलं. ती आपल्या खोलीत खेळायची, चित्रं काढायची आणि झोपायला आमच्या दोघांच्या मध्ये यायची.

"आबांचं छत लागलं की झोपेन," ती सांगायची. आप्पांना ती आबा म्हणायची. भांडून नाही, ठरलेली गोष्ट सांगावी तसं.

आईने मला आप्पांचं गाठोडं दिलं. आत छत्रीच्या कापडाच्या अकरा लांब पाकळ्या होत्या. काळी, मग फुलाफुलांची, मग निळी, परत काळी. प्रत्येकीवर खडूने आकडा घातलेला. पहिल्या तीन एकमेकींना शिवलेल्या होत्या, बाकीच्या सुट्या. सोबत छत्रीची एक पोकळ स्टीलची दांडी. ती मी लगेच ओळखली. माझ्या छताच्या कोपऱ्यातूनही तशीच दांडी खिडकीच्या ग्रिलबाहेर गेलेली होती. ती कशाला, असं मी विचारलं होतं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "चिमण्यांना बसायला." आणि चिमण्या खरोखरच बसायच्या.

तुळिंजच्या त्या वन-रूम-किचनमध्ये माझी खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. पलंग, त्याच्या पायाशी पेटी आणि वर छत. भिंतीवर उंच एका खिळ्यापासून पंख्यासारखं पसरलेलं, अर्ध्या छत्रीसारखं. खालच्या काठाला वर वळवलेली दुमड होती. त्यात मी बाहुली ठेवायला गेले तर आप्पा म्हणाले, "तिथे काही ठेवायचं नाही हं, झालर मळते." वर्गातल्या मुली बघायला यायच्या. सुझान नावाची मैत्रीण म्हणाली होती, "तुझे पप्पा राजवाड्यात कामाला आहेत काय गं?" मी नाही म्हटलं नव्हतं.

गाठोडं घेऊन मी क्लेमेंट टेलरकडे गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं दुकान आहे आणि माझे ब्लाउज तोच शिवतो. त्याने पाकळ्या टेबलावर एकीवर एक रचल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कटिंग कोणी केलं, ताई?"

"माझ्या वडिलांनी. का?"

"हात एकदम चांगला आहे. काठ बघा, कात्री कुठे अडकलेली नाय. पण माप चुकलंय. ही दुसरी पहिलीपेक्षा दोन बोटं लांब. तिसरी दुसरीपेक्षा दोन बोटं. असंच चाललंय शेवटपर्यंत." त्याने पहिली आणि अकरावी शेजारी ठेवली. दीड वितीचा फरक होता. "लावलं तर खालचा काठ तिरपा येणार. आजारी होते ना ते?"

"हो."

"होतं तसं. माझ्या बाबांना शेवटी सुई दिसायची, भोक दिसायचं नाय." तो हे प्रेमानेच म्हणाला. "मी सगळ्या पहिलीच्या मापाला आणून देतो. अर्धा तास थांबा."

त्याने खडूने रेघ ओढली. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांची वही आली. हॉस्पिटलमध्ये ते त्यात करायच्या कामांची यादी लिहायचे. शेवटच्या पानांवर प्रत्येक ओळ उजवीकडे खाली उतरत गेली होती. तेव्हा मी ती वही मिटून ठेवली होती. माणूस गेला हे मी मान्य केलं होतं. त्याच्या आधी त्याचा हात गेला असेल, हे मला मान्य करायचं नव्हतं. ज्या माणसाने हजारो छत्र्या शिवल्या त्याचं शेवटचं काम दुसऱ्याने कापून सरळ करावं?

क्लेमेंटने कात्री उचलली. मी कापडावर हात ठेवला.

"राहू दे."

"पैशाचं नाय ओ, असंच करून देतो."

"पैशाचं नाही. मी आधी आईला विचारते."

तुळिंजला आई शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "आप्पांनी तिरपं कापलंय."

"मग? तिरपंच कापतात."

"का?"

"पाणी जायला नको?"

"कसलं पाणी?"

आईने शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "ज्ञानदा, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अगं, एवढी पुस्तकं वाचलीस, लायब्ररीत नोकरी करतेस, आणि आपल्या डोक्यावर काय होतं ते तुला ठाऊक नाही? ती गॅलरी गळायची! तुझ्या उशीच्या बरोबर वर."

मला कळायला हवं होतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. पावसाळ्यात छतावर टपटप आवाज यायचा आणि तो बाहेरच्या पत्र्याचा आहे असं आप्पांनी सांगितल्यावर मी परत कधी विचारलं नाही. चिमण्यांच्या दांडीतून पाण्याची बारीक धार पडायची, तीही मी पाहिली होती. पावसात सगळ्यातूनच पाणी पडतं.

आई सांगत गेली. माझगावची एक खोली सोडून आम्ही १९९०च्या एप्रिलमध्ये तुळिंजला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मैत्रिणी सुटल्या म्हणून रडत होते. आप्पांनी मला सांगितलं होतं, तिथे तुला स्वतःची खोली मिळेल. दीड महिना मी त्या खोलीत ऐटीत झोपले. मग स्लॅबमधून पाणी यायला लागलं. बिल्डर फोन उचलेना.

"मी म्हटलं ह्यांना, पोरीला आत घेऊ आपल्याजवळ. तर म्हणाले, पोरीला दिलेली खोली परत घ्यायची नाही. म्हटलं, मग निदान तिला सांगा तरी. तर तेही नाही. सांगितलं तर पावसाळाभर वर बघत झोपेल म्हणाले. रविवारी बसले मशीनवर आणि संध्याकाळी छत टांगलं. तू शाळेतल्या मुली गोळा करून आणल्यास बघायला. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून हसतेय."

"आणि हे तुम्ही कधीच..."

"कशाला सांगायचं? चार पावसाळे काढलेस. एकदा सर्दी झाली नाही तुला. मग सोसायटीने गच्चीवर पत्रे घातले आणि गळायचं थांबलं. तरी ह्यांनी छत धुऊन परत लावलं. तू दहावीत म्हणालीस ना, काढा ते, लहान मुलीसारखं दिसतं?"

म्हटलं होतं. ते मला चांगलं आठवत होतं.

"काढलं त्यांनी. मला म्हणाले, बरं झालं, आता कोरडं आहे."

आई उठली. पलंगाखालची पेटी ओढून तिने तळातून जुनं छत काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आम्ही दोघींनी ते जमिनीवर पसरलं आणि त्यावर मी नव्या पाकळ्या आकड्यांप्रमाणे मांडत गेले. पहिलीवर पहिली. चौथीवर चौथी. अकरावीवर अकरावी. कुठेही एक बोट इकडेतिकडे नव्हतं.

"कापताना हे समोर घेतलं होतं त्यांनी?"

"ही पेटी तुझ्या लग्नानंतर आज उघडतेय," आई म्हणाली.

एकोणीस वर्षांनी, आजारपणात, मापाचा कागदही न घेता. मी जमिनीवर बसूनच राहिले. क्लेमेंटला बोलावून हे दाखवावं असं मला फार वाटलं.

मग एक गोष्ट विचारायची राहिली होती. "पण आई, आमच्या वर चार मजले आहेत. तिथे गळणार कुठून? हे त्यांच्या लक्षात नव्हतं का?"

"मी पण तेच म्हटलं. म्हटलं, अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणाले, तू चहात साखर घालायला विसरलीस, माझं डोकं काय विचारतेस? आणि वरच्यांच्या मोरीचा भरवसा काय, म्हणाले. मग हसले. म्हणाले, छत्रीवाल्याने सपाट छत लावलं तर लोक काय म्हणतील?"

क्लेमेंटची खडूची रेघ मी ओल्या फडक्याने पुसली. छत मीच शिवायचं ठरवलं. आप्पांच्या पायमशीनवर, तुळिंजला, लायब्ररीतून सुटल्यावर जाऊन. आई शेजारी स्टूल घेऊन बसायची. छत्रीची शिवण दोनदा दुमडून घालतात, म्हणजे सुईची भोकं कापडाच्या पोटात जातात आणि पाण्याला सापडत नाहीत. हे मी लहानपणी हजार वेळा पाहिलं होतं. हाताला मात्र ते माहीत नव्हतं. चौथी पाकळी मी दोनदा उसवली.

"एवढा जोर कशाला लावतेस? ते कापडाला नुसतं वाट दाखवायचे," आई म्हणायची.

"तू कधी शिवलीस का?"

"मी बत्तीस वर्षं बघितलंय. बघणाऱ्याला जास्त कळतं."

आठ पाकळ्यांना तीन आठवडे लागले. आप्पांनी ती एका रविवारी शिवली असती. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी छत लागलं. माझा नवरा कौस्तुभ शिडीवर होता, मी खालून सांगत होते, आई पलंगावर बसून दोघांच्या चुका काढत होती. खालच्या काठाची दुमड वळवली, तिच्या उतरत्या कोपऱ्यात दांडी बसवली आणि ग्रिलमधून बाहेर काढली.

कौस्तुभ खाली उतरून मागे सरकला. "तिरपं लागलंय का गं? थोडं वर घेऊ?"

"नको. तसंच आहे ते."

"पण तिरपं..."

"कौस्तुभ, ते बरोबर आहे," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिडी मिटली.

आर्याला मी सगळी गोष्ट सांगितली. माझ्यापासून ती लपवली गेली याचं मला दुःख नव्हतं, पण मला ती अभिमानाने कोणाला तरी सांगायची होती. ती पलंगावर मांडी घालून ऐकत होती.

"म्हणजे वरून पाणी पडायचं आणि तू ओली नाही व्हायचीस?"

"एकदाही नाही."

"खरं?"

"आजीला विचार."

आर्याने आजीला विचारलं नाही. ती उठली, शाळेची पाण्याची बाटली घेऊन आली आणि कौस्तुभला म्हणाली, "पप्पा, मला उचल."

कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. खाली नवी गादी होती, तिच्यावर आईने आणलेली नवी चादर. आठ शिवणी माझ्या होत्या. मी नको म्हणणार होते.

"टाक गं," आई म्हणाली.

आर्याने अख्खी बाटली ओतली. पाणी खिळ्याखालून पसरलं, काळ्यावरून फुलांवर, फुलांवरून निळ्यावर आलं, काठाच्या दुमडीत गोळा झालं आणि एका रेषेत कोपऱ्याकडे धावलं. आम्ही चौघंही खालून बघत होतो. सहाव्या आणि सातव्या पाकळीच्या मध्ये कापडाला ओल आली, एक थेंब धरला. तो तिथेच राहिला, पडला नाही. ती शिवण माझी. पुढच्या रविवारी मी ती पुन्हा घातली.

आईने चादरीवर तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बघ," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला. "अगो, कोण पाणी ओततंय? मिरच्या वाळत घातल्यात मी!"

इनेझ आंटी होत्या. मी माफी मागायला खिडकीकडे निघाले, पण आई माझ्या आधी पोचली. ग्रिलला धरून ती खाली वाकली.

"पाणी नाही हो ते इनेझबाई," ती ओरडली, "आमच्या ह्यांचं छत आहे! मिरच्या सरकवा आणि वर या बघायला!"

त्या दिवशी इनेझ आंटी आल्या, त्यांच्या मागून शेजारची दोन माणसं आली. प्रत्येकाला आर्याने बाटली भरून आणून छतावर ओतून दाखवली, आणि रात्री ती त्याच छताखाली झोपली.