पांढऱ्या दाराची सॅटर्न

"कालचीच पडलीय ही," गाडी वर खेचणाऱ्या विंचचा दांडा ओढत टोइंगवाला ओरडला. "रंग बघा की! फार तर परवाची."

डेलमर हूक्स काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. पाण्यातून आधी एक पांढरं दार वर आलं होतं. मागोमाग शेवाळ आणि चिखल ओघळला आणि दाराच्या पुढचा-मागचा भाग दिसू लागला. गडद हिरवा, ओला, चकचकीत. मग गाडी काठावर टेकली आणि तिचं छत दिसलं. म्हणजे छत नव्हतंच. तिथं तपकिरी जाळी उरली होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. बॉनेटचीही तीच गत. टोइंगवाला दांडा धरून नुसता बघत राहिला. बाजूनं नवी कोरी आणि वरून शंभर वर्षांची गाडी त्यानं कधी पाहिली नव्हती.

डेलमरला त्यात नवल वाटलं नाही. सॅटर्न कंपनीच्या गाडीची दारं आणि बाजूचा सगळा साज प्लॅस्टिकचा असायचा. लोखंडी सांगाड्यावर तो स्क्रूनं बसवायचा. छत आणि बॉनेट मात्र लोखंडाचं. शोरूममधले विक्रेते गिऱ्हाइकासमोर दारावर लाथ मारून दाखवत. पोचा येत नाही, गंज चढत नाही. इथल्या स्प्रिंग हिलच्या कारखान्यात तीच दारं बसवण्यात डेलमरची उमेदीची वर्षं गेली होती. आता सॅटर्न बंद होऊनही बराच काळ लोटला. कारखाना चालू आहे, गाड्याही निघतात, पण दुसऱ्या नावाच्या.

"तू मला कशाला बोलावलंस?" त्यानं शेजारच्या ऑर्विलला विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

ऑर्विल क्लेमेन्स कारखान्यात त्याच्याच लाइनवरचा. दोघेही मिशिगन सोडून एकाच वर्षी टेनेसीत आलेले, दोघेही आता सत्तरीचे. सकाळी ऑर्विल फॉस्फेटच्या या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीवर मासे धरायला बसला होता. यंदा पाऊस नव्हता. पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं, आणि गळ टाकता टाकता त्याला पाण्याखाली ते दार दिसलं. त्यानं आधी पोलिसांना फोन केला, मग डेलमरला.

"एकट्याला इथं बसवेना," ऑर्विल म्हणाला. "आणि हे बघ, भलतंसलतं मनात आणू नकोस. ही तिची नाही. तिची मी केंटकीत बघितलीय, या दोन डोळ्यांनी."

"तुझ्या डोळ्यांना गळाला लागलेला मासा दिसत नाही."

"तेव्हा दिसायचं, लेका."

ती म्हणजे नोरीन, डेलमरची बायको. सव्वीस वर्षांपूर्वी एका शनिवारी दोघांचं भांडण झालं. भांडण जुनंच होतं. तिला मिशिगनमधल्या फ्लिंटला, आपल्या आईजवळ परत जायचं होतं. इथल्या लोकांचं बोलणं तिच्या कानाला कधी रुळलंच नाही. डेलमरला कारखाना सोडवत नव्हता. इथं साहेब लाइनवरच्या माणसांबरोबर एकाच टेबलावर जेवत. ज्या उन्हाळ्यात देशभरचे मालक आपापल्या सॅटर्न घेऊन कारखाना बघायला लोटले, त्या उन्हाळ्यात ओरेगनच्या एका म्हातारीनं त्याला हाताला धरून आपल्या गाडीजवळ नेलं होतं आणि विचारलं होतं, "हे दार तुम्ही बसवलंत का हो?" त्यानं हो म्हणून सांगितलं. बसवलं असेल, नसेलही. पण फ्लिंटमध्ये असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या शनिवारी तो नोरीनला म्हणाला, "जायचं तर जा. मी येणार नाही." तिनं आपल्या पांढऱ्या दाराच्या सॅटर्नची किल्ली उचलली. "जातेच," ती म्हणाली, आणि गेली.

त्याच दुपारी ऑर्विल आईच्या आजारपणासाठी मिशिगनकडे निघाला होता. केंटकीत, एलिझाबेथटाउनच्या अलीकडे, एक हिरवी सॅटर्न त्याच्या डावीकडून पुढं गेली. पुढचं दार पांढरं. चालवणाऱ्या बाईनं त्याला हात केला. शेजारी टोपी घातलेला पुरुष होता. ऑर्विलनं फोनवर सांगितलं, नोरीनच होती. ती फ्लिंटला आईकडे पोचली नाही, तेव्हा डेलमरनं उरलेलं गणित सोडवलं. टोपीवाल्याबरोबर गेली. पोलिसांना त्यानं सांगून टाकलं, बायको आपल्या पायांनी गेलीय, शोधू नका.

त्या रागावर त्याचं बरं चाललं होतं. दुःखानं अन्न जात नाही, रागाला मात्र वेळेवर भूक लागते, झोप लागते. तो माणसाला सकाळी उठवून कामावर पाठवतो. आता या पांढऱ्या दाराकडे बघताना डेलमरला एकच गोष्ट हवी होती. ही गाडी दुसऱ्या कुणाची तरी निघावी.

तशी ती निघायला हरकत नव्हती. त्या काळी गावात घरटी एक सॅटर्न होती. दार फुटलं की भंगारातल्या गाडीचं काढून आणायचं आणि अंगणातच बसवायचं, रंग जुळो न जुळो. अशा ठिगळं लावलेल्या गाड्या चर्चपुढे रांगेनं उभ्या असत. आणि रस्त्यात एक सॅटर्न दुसरीला भेटली की आतली माणसं हात करत, ओळख असो वा नसो. तो रिवाजच पडून गेला होता.

एक गोष्ट डेलमरनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. खाणीच्या कडेनं रस्ता वळतो, तिथून तो वर्षानुवर्षं कारखान्यात गेला-आला. या वळणावर त्याचा हात आपोआप स्टिअरिंगवरून उठायचा. समोर गाडी नसायची. रिकामा रस्ता आणि बाजूला खाणीचं पाणी. तरी कुणीतरी आपल्याला हात केला आणि आपण तो परत केला, हे हात खाली आल्यावर त्याच्या ध्यानात यायचं. सवय, असं तो स्वतःला सांगायचा. पुढं सॅटर्न बंद झाली, त्यानं दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, गावातल्या जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. दुसरीकडे कुठंही त्याचा हात उठेनासा झाला. या वळणावर मात्र आज सकाळी येतानाही उठला होता.

शेरीफच्या खात्यातली डेप्युटी केंद्रा पोटीट गाडीजवळून वर आली. तिशीची, इथलीच, बुटांवर घोट्यापर्यंत चिखल.

"मिस्टर डेलमर, जरा सावलीत बसता का?"

"उभा बरा आहे मी."

तिनं टोपी काढली. "आत कुणीतरी आहे, सर. पुष्कळ वर्षं झालेली दिसतात. पट्टा लावलेला आहे."

"बाई का पुरुष?"

"ते डॉक्टर सांगतील. मी सांगणं बरोबर नाही." जरा थांबून ती म्हणाली, "एकटंच आहे."

"आणि नंबराची पाटी?" ऑर्विल मधेच म्हणाला.

"गळून पडलीय. चिखलात शोधतायत."

"मग झालं तर! अहो मॅम, असल्या पन्नास गाड्या होत्या इथं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला तर तीन रंगांची दारं होती, आम्ही तिला विदूषक म्हणायचो. पांढऱ्या दारानं काय ठरतंय?"

डेप्युटीनं मान वळवून खाली बघितलं. खाली टोइंगवाल्यानं विजेची करवत काढली होती. दार अडकलं होतं. आतल्या माणसाला बाहेर काढायचं तर ते कापावं लागणार होतं.

"करवत नको," डेलमर म्हणाला.

"सर, तुम्ही पुढं येऊ नका."

"येत नाही. त्याला सांग, बाहेरचं कवच खालच्या कडेला धरून वर उचल. आतलं लोखंड राहिलंय कुठं? हातानं निघेल."

डेप्युटीनं खाली हाक मारून तसं सांगितलं. टोइंगवाल्यानं मोजे चढवले, वाकून खालची कड धरली आणि उचलली. दाराचं पांढरं कवच सबंध निघून हातात आलं. इतकं हलकं निघालं की तो एक पाऊल मागं गेला. त्यानं ते गवतावर उलटं ठेवलं आणि पाइपानं पाणी मारलं. कडेनं स्क्रूंची भोकं होती आणि प्रत्येक भोकात गंजाचा एकेक खडा. एका भोकात मात्र काहीतरी पिवळं होतं.

डेलमर उतारावरून खाली गेला. या वेळी डेप्युटीनं त्याला अडवलं नाही. ती फक्त त्याच्या आणि गाडीच्या मधे येऊन उभी राहिली, त्याला आतलं दिसू नये अशी.

तो गवतावर वाकला. पितळी स्क्रू होता. अंगणात दार बसवताना एक स्क्रू गवतात हरवला होता, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीचा काढून इथं पिळला होता. नोरीन खिडकीतून बघत होती. "आता कपाटाचं दार पडलं तर काय करू?" ती म्हणाली होती. "गाडी आणून लावू का तिथं?" कपाटाचं ते दार अजून एका अंगाला लोंबतं.

"डेल?" ऑर्विलनं वरूनच विचारलं.

"तिचीच आहे."

ऑर्विल खाली आला. त्यानं स्क्रू बघितला, दार बघितलं, मग डेलमरकडे बघितलं. तोंडातला तंबाखू त्यानं थुंकून टाकला.

"असं कसं होईल? मी बघितली ना तिला!"

"दुसरी कुणीतरी असेल. हात सगळेच करायचे."

"हात म्हणून नव्हे रे." ऑर्विलचा आवाज खाली गेला होता. "मी काय लहान आहे? हात तर दिवसातून पन्नास जण करायचे. ती हसली. ओळखीचं माणूस हसतं तशी. आणि—" तो थांबला.

"आणि काय?"

"तिचे केस ओले होते. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, काच बंद, आणि केस गालाला चिकटलेले. मला वाटलं, वाटेत कुठं पोहून आली असेल."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलण्यासारखं काय होतं? बाई पोहली, केस ओले झाले." ऑर्विल हाताचा तळवा विजारीला पुसत राहिला. "शेजारी जो होता, त्याचं तोंड काही केल्या आठवत नाही मला. सव्वीस वर्षं आठवतोय. टोपी तेवढी आठवते."

डेलमर पाण्याकडे वळला. पाणी काठाला लागून स्थिर होतं. गाडी ओढून काढली तिथं चिखल वर येऊन गढूळ झालं होतं, तेही आता खाली बसत चाललं होतं. गाडी तिचीच होती. पण त्या शनिवारी ती कुठं निघाली होती, हे अजून उरलंच होतं. या रस्त्यानं महामार्गाकडे जाता येतं, आणि घराकडेही. 'जातेच' म्हणाली होती. ती गेली, आणि पहिल्याच वळणावर चुकली, असंही असेल. मग रागाला अजून जागा होती. थोडी, पण होती.

पाटी शोधायला आलेल्या पाणबुड्यांपैकी एकजण गाडीच्या मागच्या बाजूला होता. डिकीचं झाकण गंजानं कधीच खाऊन टाकलं होतं. त्यानं चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि एक बरणी काढली. काचेची, जुन्या घाटाची, झाकणही काचेचं. झाकणावरची तार गंजून गेली होती, पण झाकण हललं नव्हतं. मग दुसरी काढली. ती फुटकी निघाली.

डेप्युटीनं पहिली बरणी पाण्यात धुतली आणि उजेडाला धरली. आत पाकात फळाच्या अर्ध्या अर्ध्या फोडी होत्या, एकीवर एक नीट रचलेल्या. रंग तांबूस झाला होता. बरणी तिरकी केली तशी वरची फोड सावकाश वळली आणि काचेला टेकली.

"पीच," डेप्युटी म्हणाली. "चर्चच्या बायका अशाच रचतात. माझी आजीही त्यांच्यात बसायची. शनिवारी रस्त्याच्या कडेला टेबल मांडून विकायच्या, पलीकडे, टेकडीखाली." तिनं खाणीच्या पल्याडचा रस्ता दाखवला. "म्हणजे तिथून या बाजूला, तुमच्या घराच्या दिशेनं येत असणार." मग जरा अडखळत विचारलं, "त्यांना फार आवडायचे का पीच?"

डेलमरनं बरणीकडे बघितलं.

"ती खायची नाही. एक फोड खाल्ली तरी अंगावर गांधी उठायच्या."

ऑर्विलनं तोंड फिरवलं.

"मग कुणासाठी—" डेप्युटीनं विचारायला सुरुवात केली आणि तिथंच थांबली.

टोइंगवाल्यानं पाइप बंद केला. गाडीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. डेप्युटीला बरणी पुराव्यात जमा करायची होती. तिनं आपल्या जीपमधून पिशवी आणली, पण बरणी तिच्यात टाकली नाही. जीपच्या बॉनेटवर, भर उन्हात, ती तशीच ठेवून ती डॉक्टरांना फोन लावायला गेली.

डेलमर जीपपाशी गेला. बाहीनं त्यानं बरणीच्या तळाचा चिखल पुसला. काच अजून थंड होती, पाण्याइतकी. त्यानं ती उचलली, दोन्ही हातांत धरून ओकच्या झाडाखाली नेली आणि बुंध्याशी पानांवर नीट टेकवली.

डेप्युटी फोन कानाला धरूनच त्याच्या मागं आली. "सर, ती मला—"

"घे की. नेताना घे," तो म्हणाला. "तोवर सावलीत असू दे. उन्हानं खराब होतात."