लाकडी उंदराच्या वर्षीची ओळ

ग्वांगशीतल्या त्या गुहेत छिन देबाओ तिकिटं फाडायचा, दिवे लावायचा आणि पाहुण्यांना भिंती दाखवायचा. एक भिंत सोडून. त्या भिंतीपाशी आला की त्याला नेमका खोकला यायचा आणि खोकत खोकत तो माणसांना शेळ्यांसारखं पुढे हाकायचा.

भिंतीवर काळ्या शाईत, देखण्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'लाकडी उंदराच्या वर्षी, वसंतात, वेई आणि लान घरची गुइझी या गुहेत आले.' खाली आणखी ओळी असाव्यात, पण वटवाघळांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांवर आपापला शेरा मारून ठेवला होता. देबाओला पहिलीच ओळ पुरली होती, खालचं वाचायला तो कधी थांबलाच नव्हता. वेई म्हणजे गावातला शवपेट्या रंगवणारा. आता तो स्वतःच रंगवलेल्या पेटीत जाऊन पडला होता. आणि गुइझी, माहेरची लान, म्हणजे देबाओची बायको.

लग्नाच्याच महिन्यात ही ओळ त्याच्या नजरेला पडली आणि तेव्हापासून घशात अडकली. पुसावी, तर गाव म्हणणार, लागलं वाटतं याला. बायकोला विचारावं, तर ती गुहेच्या तोंडाशी शेवया विकायची, हातात कायम त्या उपसायचा झारा.

त्यामुळे जिल्ह्याच्या वारसा कचेरीने गुहा साफ करायची ठरवली, तेव्हा देबाओ ब्रश घेऊन सगळ्यांच्या आधी हजर झाला. नियम सोपा होता. एकोणीसशे एकोणपन्नासच्या गणराज्याआधीचं जपायचं, नंतरचं काढून टाकायचं. राजाच्या अंमलदारांनी 'आम्ही येथे आलो होतो' असं लिहिलेलं, तो वारसा. ट्रक ड्रायव्हरांनी तेच लिहिलेलं, ती घाण. डाकू या गुहेत लपायचे त्या काळातली फुटकी वाटी कापसात गेली, देबाओच्या बापाचा फुटका थर्मास पोत्यात.

"दोन्ही कुणीतरी फेकूनच दिलं होतं ना?" देबाओ म्हणाला.

"काका, शंभर वर्षं थांबा, थर्मासही कापसात ठेवू," कचेरीच्या फांग मॅडम म्हणाल्या.

देबाओने त्या भिंतीसमोर उभं राहून ब्रश उचलला.

"थांबा!" मॅडम धावत आल्या. डोक्यावरचा दिवा त्यांनी ओळीवर धरला. "लाकडी उंदीर! जुन्या पंचांगात हे वर्ष साठ वर्षांनी एकदा येतं. चौऱ्याऐंशी साली असं कुंचल्याने कोण लिहिणार? हे एकोणीसशे चोवीसचं, नाहीतर अठराशे चौसष्टचं. यावर काच बसवू. तिकिटावर फोटो छापू!"

देबाओच्या डोळ्यांसमोर रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत फाडायची ती तिकिटं उभी राहिली.

"कोण असेल हो ही लान घरची गुइझी," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या.

"माझी बायको आहे!" देबाओ ओरडला. "हे चौऱ्याऐंशीचंच आहे. वेई पेट्या रंगवायचा, कुंचला खिशातच असायचा मेल्याच्या. पुसा ते!"

ब्रश घासणारे सगळे हात थांबले. माणसांसाठी शेवया घेऊन आलेली गुइझी दगडावर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होती. तिने एक टरफल थुंकलं.

"म्हणून खोकत होतास होय? मी मेली चाळीस वर्षं तुला आल्याचा काढा पाजतेय!"

मॅडमनी उसासा टाकला. "चौऱ्याऐंशी म्हणजे पुसावंच लागेल. नोंदीसाठी फोटो तेवढा काढते." त्यांनी पाणी मारलं, वटवाघळांचे शेरे फडक्याने टिपून काढले आणि खालच्या ओळी मोठ्याने वाचल्या:

'हिने हात धरू दिला नाही. म्हणते, लग्न करीन तर घोडतोंड्या देबाओशीच. गुहा बरी आहे.'

आधी एकजण हसला, मग सगळी गुहा हसली. देबाओचा ब्रश कधी पाठीमागे गेला, त्यालाच कळलं नाही.

"मॅडम, पुसू नका."

"काका, आत्ता तुम्हीच साल सांगितलंत."

"खोटं बोललो. अठराशे चौसष्टचंच आहे."

"आणि ही तुमची बायको?"

"दुसरी कुणीतरी गुइझी असेल. नावाला काय तोटा?"

"आणि घोडतोंड्या देबाओ?"

"होता एक. पणजोबांच्या वेळी."

मॅडमनी दिवा भिंतीवरून काढला आणि देबाओच्या तोंडावर धरला. कपाळापासून हनुवटीपर्यंत पोचायला त्या उजेडाला बराच वेळ लागला.

"घराण्यातच दिसतंय," त्या म्हणाल्या. मग हसू दाबत मदतनिसांकडे वळल्या. "साक्षीदार दर मिनिटाला साल बदलतोय. साल संशयास्पद असेल ते पुसता येत नाही. काच आणा."

"मॅडम, तिकिटावर खालच्या ओळीही येतील ना?" देबाओने विचारलं.

आता गुहा पाहायला तासभर जास्त लागतो. अंमलदारांच्या भिंती देबाओ चालता चालता उरकतो आणि काचेपाशी येऊन ठाण मांडतो. माणसं काचेकडे बघतात, मग त्याच्याकडे बघतात. तो मान थोडी वळवून देतो, बाजूने सारखेपणा नीट दिसतो म्हणून.

मग गुहेच्या तोंडापाशी शेवयांच्या पातेल्यामागे बसलेल्या गुइझीचा आवाज आत घुमतो:

"अरे म्हाताऱ्या, आता खोक की जरा! लोकांची शेवटची बस चुकतेय!"